नकलेत नसलेली नावाडीण

अंजूरच्या पुढे, खाडीच्या अंगाला एक गाव आहे. तिथे केसरीनाथ केणीला त्याच्या नावाने हाक मारणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. बाकी अख्खा गाव त्याला धर्माजी म्हणतो. रिक्षावाले म्हणतात, भाताच्या खाचरांवर उभ्या राहिलेल्या गोदामांचे रखवालदार म्हणतात, आणि बायको कमळ चिडली की तीही म्हणते, "उठा धर्माजी, नलाचा पानी चालला." केसरीनाथालाही ते आवडतं. कुणाला आवडणार नाही? बासष्ट वर्षांच्या माणसाला गाव देवमाणसाच्या नावाने हाक मारतो म्हटल्यावर तो काय नको म्हणणार आहे?

धर्माजी म्हणजे 'भरतीची साक्ष' या जुन्या चार अंकी नाटकातला थोरला भाऊ. गावच्या हौशी मंडळाने गेली चौतीस वर्षं गावदेवीच्या जत्रेला दुसरं नाटक केलेलं नाही, आणि त्या चौतीसही वर्षांत धर्माजी दुसऱ्या कुणी केलेला नाही. गोष्ट सोपी आहे. खाडीच्या बांधाला उघाडी असते, पाणी आत-बाहेर करायचं लाकडी दार. उधाणाच्या दिवशी ती उघडी राहते, खारं पाणी शेतात घुसतं आणि गावाचं पीक जातं. आळ येतो धाकट्या हरीवर. मग धर्माजी घराच्या ओटीवर उभा राहतो आणि सगळ्या गावादेखत भावाला सांगतो, "माझ्या घरात न्याय आधी, भाऊ नंतर. या उंबऱ्याला तुझे पाय पुन्हा लागू देऊ नकोस." चौथ्या अंकात म्हातारा झालेला धर्माजी हरीच्या झोपडीशी जातो आणि म्हणतो, "मी तुला माफ केलं, हरी." इथे बायका पदर तोंडाला लावायच्या. पुरुष घसा खाकरत उगाच मागे वळून बघायचे.

या एका भूमिकेवर केसरीनाथ गावात मोठा झाला. दोन भावांत वाटणीवरून जुंपली की लोक म्हणायचे, धर्माजीला बोलवा. तो जायचा, मध्ये खुर्ची टाकून बसायचा आणि नाटकातल्या आवाजात दोन वाक्यं बोलायचा. बहुतेक भांडणं तेवढ्यावर मिटायची. न मिटली तर दोष भावांचा, धर्माजीचा नव्हे.

आता हौशी मंडळांची तेव्हाची रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. अख्खं नाटक कुणी वाचायचं नाही. छापील पुस्तक एकच, ते प्रॉम्प्टरकडे. विंगेत बसून नटांना विसरलेलं वाक्य पुरवायचं ते त्याचं काम, आणि त्याचा आवाज प्रेक्षकांत जाता कामा नये हा पहिला नियम. पुस्तकातून ज्याची त्याची वाक्यं वेगळी उतरवून द्यायची तीही त्यानेच. त्या उताऱ्याला नक्कल म्हणतात. धर्माजीच्या नकलेत फक्त धर्माजीची वाक्यं, आणि प्रत्येकाच्या आधी समोरच्याचे दोन-तीन शब्द, आपली पाळी कधी ते कळावं म्हणून. बाकी नाटकात काय चाललंय याच्याशी नटाला कर्तव्य नाही. शिवाय बाहेरून आणायच्या नट्या दोनच. नाटकात बायका तीन असल्या तर तिसरी कापायची, आणि त्या जागी आणलेल्या दोघींचा सिनेमाच्या गाण्यावर रेकॉर्ड डान्स ठेवायचा. गावाला डान्सही हवा असायचा, तेव्हा तक्रार कुणाची नव्हती.

'भरतीची साक्ष'मधली तिसरी बाई अशीच पहिल्याच वर्षी कापली गेली. ती होती, एवढंसुद्धा पुढे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

धाकटा भाऊ केसरीनाथाला खराच होता. अनंता. त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, अक्षर मोत्यासारखं, म्हणून सोळाव्या वर्षी मंडळाने त्याला प्रॉम्प्टर केला. बावीस वर्षांपूर्वी त्याला गाव सोडावं लागलं. तेव्हापासून तो भिवंडीत टेमघरला असतो, एवढं गावाला माहीत आहे. त्याचा विषय केसरीनाथाच्या घरी कुणी काढत नाही.

यंदा पस्तिसावा प्रयोग. मंडळाने स्मरणिका काढायची ठरवली आणि धर्माजीच्या स्वभावावर लेख कुणाकडून लिहून घ्यावा यावर खल झाला. भिवंडीत विद्युल्लताबाई आहेत. एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या शहरातलंच. दर शनिवारी संध्याकाळी एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्या पंधरावीस लोकांना जमवून जुनी नाटकं आणि जुने सिनेमे वाचतात, म्हणजे पात्रं उसवून बघतात. केसरीनाथ प्लास्टिकच्या पिशवीत नक्कल घेऊन तिथे गेला.

भिंतीवर काळापांढरा सिनेमा नुकताच संपला होता. मुलाला शिक्षा सुनावणारा एक न्यायाधीश बाप होता त्यात. सगळे त्या बापाचं कौतुक करत होते. बाई ऐकून घेत होत्या, आणि मग त्यांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. त्याला काय हवंय? तो काय लपवतोय? त्याची किंमत कोण मोजतंय? "कुठल्याही पात्राला हे तीन विचारा," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या प्रश्नाशी भलेभले साधू घसरतात."

केसरीनाथाला हे काही फारसं रुचलं नाही. सगळे गेल्यावर तो पुढे झाला.

"बाई, आमचा धर्माजी तसा न्हाय. तो देवमानूस हाय. काय लपवीत न्हाय."

"बसा ना केसरीनाथराव," बाई म्हणाल्या. "तुमचा प्रयोग मी पाहिलाय, आणि मंडळाचा निरोप आल्यावर हे नाटक पुन्हा वाचलं. आमच्या वाचनालयात जुनी प्रत निघाली. मला एक सांगा, नाटकाचं नाव 'भरतीची साक्ष'. तुमच्याकडे साक्ष देतं कोण?"

केसरीनाथाने विचार केला. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्याला पडला नव्हता. "भरतीच देते," तो म्हणाला. "म्हंजे, पानीच."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक उघडलं. "तिसरा अंक, दुसरा प्रवेश. नावाडीण आणि धर्माजीची बायको."

"तिसऱ्या अंकात एकच परवेश हाय."

"पुस्तकात दोन आहेत," बाई म्हणाल्या आणि वाचू लागल्या. बाई वाचायच्या सपाट, अभिनय न करता, आणि त्यामुळेच ते जास्त लागत होतं. नावाडीण धर्माजीच्या बायकोला सांगत होती: "मी होडीतच होते. कंदील विझवला होता, म्हणून त्याला मी दिसले नाही. पण मला तो दिसला. मासळीच्या हावेपायी उघाडी त्यानंच उघडली आणि तिथंच त्याचा डोळा लागला. सकाळी ओटीवर उभा राहून भावाला हाकलताना रडत होता ना? ते रडं पस्तावल्याचं नव्हतं बाई. सुटल्याचं होतं."

खाली रस्त्यावर कुठल्याशा टेम्पोचा रिव्हर्सचा भोंगा वाजत होता. केसरीनाथ तो संपेपर्यंत थांबला.

"म्हंजे धर्माजीला म्हायीत व्हता. हरी निर्दोष हाय ते."

"'न्याय आधी, भाऊ नंतर' म्हणताना त्याला सगळं माहीत होतं. म्हणून तर तो भावाला काही विचारत नाही. तुमच्या लक्षात आलंय का? एकही प्रश्न विचारत नाही. आणि शेवटी तुम्ही म्हणता ते 'मी तुला माफ केलं' पुस्तकात नाहीच. पुस्तकात आहे, 'मला ठाऊक होतं, हरी. मी खोटं बोललो.' नावाडीण कापली की हे वाक्य अधांतरी राहतं, म्हणून तुमच्या दिग्दर्शकाने बदललं असणार." मग बाईंना त्याचा चेहरा दिसला. "केसरीनाथराव, पाणी देऊ का?"

तो पाणी न पिताच निघाला.

का ते आता सांगतो. बावीस वर्षांपूर्वी तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी गावच्या खळ्यावर भाताच्या उडव्या, म्हणजे कापून रचलेले भारे, जळाल्या. चार घरांचं वर्षाचं धान्य तासाभरात राख झालं. राखणीला अनंता होता, आणि अनंता विडी ओढायचा, म्हणजे संशयाला आणखी काय हवं? पण त्याआधी, पहिली बोंब उठली तेव्हा, केसरीनाथाची अकरा वर्षांची भाविका मागच्या दाराने धापा टाकत आत आली होती. हातात दिवाळीत उरलेल्या बाणांच्या पाकिटाचा कागद. फ्रॉकचा घेर एका बाजूने जळून काळा झालेला. ती काहीच बोलली नाही आणि केसरीनाथानेही विचारलं नाही. त्याने फ्रॉक काढून घेतला, न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या चुलीत घातला आणि जळेपर्यंत उभा राहिला. "कुनाला काय बोलायचा न्हाय," एवढंच म्हणाला. मग गाव ओटीपुढे जमला. पोरीचं नाव आता गावाच्या तोंडी जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. अनंता म्हणत होता, "मी विडी पेटवली न्हाय, देवीची आन." केसरीनाथ ओटीवर आला, तोंड उघडलं आणि त्या तोंडातून धर्माजी बोलला. न्याय आधी, भाऊ नंतर. शब्द न् शब्द तोच. डोळ्यांतून पाणीही त्याच जागी आलं, सवयीने.

अनंताने त्याच्याकडे बघितलं आणि वळून चालू लागला. त्याचं लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं. गावात मात्र केसरीनाथाचा मान दुप्पट झाला. नाटकात करतो तेच घरी करून दाखवलं, म्हणाले लोक. कमळने दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना विचारलं होतं, "पोरीचा नवा फराक कुठं गेला?" तिनेही पुन्हा कधी विचारलं नाही.

इतकी वर्षं केसरीनाथाने हे सगळं एका कपाटात बंद करून ठेवलं होतं आणि कपाटाला धर्माजीचं कुलूप होतं. देवमाणसाच्या तोंडचं वाक्य आपण बोललो, म्हणजे आपणही वावगं केलं नाही, असा त्याचा हिशेब. आता देवमाणूसच चोर निघाला. तुम्ही म्हणाल, नाटकातल्या माणसाचं एवढं काय मनावर घ्यायचं? पण ज्याने आयुष्यात एकच माणूस नीट ओळखला आणि तो कागदावरचा होता, त्याला विचारा.

त्या शनिवारपासून नावाडीण त्याच्या मागे लागली. तो सकाळी बांधावर फिरायला जायचा, तिथे उघाडीशी रिकामी होडी बांधलेली असायची. रोजचीच होडी. पण तिच्यात कुणीतरी बसलंय असं त्याला वाटायचं, आणि वळून बघितलं की नुसतं भरतीचं पाणी तळाला चुळचुळ करत असायचं. कंदील विझवला होता, म्हणून त्याला मी दिसले नाही. हे वाक्य त्याच्या कानात बसलं. त्या दिवशी न्हाणीघराच्या झरोक्यातून कोण बघत होतं? जळत्या टेरिकॉटचा वास कुणाकुणाला आला असेल? दुकानात लोक नेहमीसारखे हसून "या धर्माजी" म्हणायचे, आणि तो त्यांचे डोळे बघायचा. पाणी तापवायला आता गीझर होता, पण न्हाणीघरात गेला की तो कोपऱ्यातल्या मोडक्या चुलीकडे पाठ करून उभा राहायचा. त्याला जेवण जाईना. कमळ म्हणाली, डॉक्टरकडे चला. तो म्हणाला, कापलेली बाई मागं लागलीय, तिला डॉक्टर काय करील? कमळला काही ते कळलं नाही, पण ती घाबरली.

त्यात भाविकाचा फोन आला. ती पडघ्याला दिलेली, दोन मुलांची आई. बाईंनी मंडळाला नावाडणीचा प्रवेश आणि शेवटचं मूळ वाक्य परत घालायला लावलं होतं आणि आता गावच्या लेकीसुना नाटकात कामं करतात, तेव्हा तिसरी बाई मिळायची अडचण नव्हती. भाविका म्हणाली, "बाबा, नावाडीन मी करीन. मी पुस्तक वाचलंय." मग ती म्हणाली, "काकाला सांगा ना बाबा. येतील बघा ते." बावीस वर्षांत तिने काकाचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. दिवाळीत स्वतःच्या मुलांनाही ती फटाका लावू देत नाही, हे केसरीनाथाला माहीत होतं आणि त्याने त्याचा अर्थ कधी काढला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तो टेमघरला गेला. लूमचा खडखडाट गल्लीभर चालला होता. जिन्याशी बसलेल्या एकाला त्याने विचारलं.

"अनंताभाई? ऊपर, दूसरा कमरा. आज उनका ड्युटी नाइट का है, होंगे."

अनंताने दार उघडलं. केस पिकलेले, कानावर कापसाचे तंतू. भावाला बघून तो दारातून बाजूला झाला. खोली एकट्या माणसाची होती, नको इतकी नीटनेटकी. त्याने स्टोव्हवर चहा ठेवला. केसरीनाथाने येताना रिक्षात सगळं बोलणं जुळवलं होतं, ते एकदम सांडलं.

"अनंता, आपल्या नाटकात एक परवेश व्हता. तिसऱ्या अंकात…"

"नावाडनीचा."

"तुना म्हायीत हाय?"

"पुस्तक माज्याकडंच व्हता ना दादूस." अनंता पाठमोरा होता. चहात साखर घालत तो शांतपणे बोलत राहिला. "पोरगी खल्याच्या मागून पलताना मी बगितली व्हती. बोलनार न्हवतूच मी. लेकरू ती. तू इचारलं असतंस तर तुना एकट्याला सांगितलं असता. पन तू वटीवर आलास आन धर्माजीचा वाक्य बोललास. धर्माजीला ते बोलताना सगला म्हायीत असतं. तवा मना वाटलं, दादूस मना आपल्या दोघांच्या बोलीत सांगतोय. का मना ठावं हाय तू काय क्येला न्हाय, पन पोरीसाटी तू सोस." त्याने दोन कप भरले आणि वळला. "म्हनून गेलू. तसाच व्हता ना दादूस?"

केसरीनाथाच्या हातात कप आला. खरं उत्तर त्याला ठाऊक होतं. त्याला तो प्रवेश तेव्हा माहीतच नव्हता. त्याने काही सांगितलं नव्हतं, काही मागितलं नव्हतं. भावाला वाऱ्यावर सोडला होता आणि तोंडात येईल ते वाक्य फेकलं होतं. पण समोर बावीस वर्षं एका समजुतीवर काढलेला माणूस उभा होता. ती काढून घेतली तर त्याच्याजवळ काय राहील? असं केसरीनाथाने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याला दार उघडं दिसलं आणि तो त्यातून निसटला.

"हा," तो म्हणाला. "तसाच व्हता."

अनंताने मान हलवली. "बरा झाला," म्हणाला आणि चहा पिऊ लागला. थोड्या वेळाने त्याने स्वतःच विचारलं, "प्रॉम्प्टिंगला कोन हाय यंदा?"

परतताना केसरीनाथाला हलकं वाटायला हवं होतं. भाऊ येणार होता, गाव बघणार होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत नावाडीण होतीच, उलट आता तिने जणू तोंड त्याच्याकडे केलं होतं.

जत्रेच्या दिवशी नाटक संध्याकाळी सहालाच सुरू झालं, कारण हल्ली दहाला माईक बंद करावा लागतो. अनंता तालमींना चार वेळा येऊन गेला होता. गावाने आधी कुजबुज केली, मग एकदोघांनी "काय अनंता, बरा हायस?" म्हटलं आणि तो खुर्ची ओढून विंगेत बसला. बदललेलं शेवटचं वाक्य तालमीत केसरीनाथ नुसतं पुटपुटायचा. प्रयोगाला बोलीन, म्हणायचा. शेवटी अनंताने ते चिठ्ठीवर लिहून त्याच्या जुन्या नकलेत चिकटवून दिलं होतं.

तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश संपला. शाळेच्या वर्गात मेकअपची खोली होती. चौतीस वर्षं या वेळी बाहेर डान्सचं गाणं दणाणायचं आणि केसरीनाथाच्या तोंडावर घाईघाईने पांढरी दाढी चिकटवली जायची. यंदा बाहेर शांतता होती. तीत भाविकाचा आवाज आला.

"मी होडीतच होते. कंदील विझवला होता, म्हणून त्याला मी दिसले नाही. पण मला तो दिसला."

तिने आवाज चढवला नव्हता. अकरा वर्षांची असताना जे बोलायचं राहिलं ते ती आत्ता, सगळ्या गावापुढे, दुसऱ्याच्या तोंडून बोलत होती. केसरीनाथाच्या दाढीचा डिंक ओढू लागला होता. ऐकवेना म्हणून त्याने मान खाली घातली आणि मांडीवरची नक्कल उघडली. आज कित्येक वर्षांनी तो ती वाचत होता. पाठ असलेली वस्तू कोण बघतो? पिवळ्या पानावर चिकटवलेली पांढरी चिठ्ठी. चिठ्ठीवर अनंताचं अक्षर, आणि खाली पानावरही अनंताचंच, सोळा वर्षांच्या पोराचं, तेच गोल वळण. शेवटच्या पानाच्या तळाशी एक ओळ होती: 'धर्माजी, एकूण वाक्ये ६१. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशातील काही नाही. लिहून तपासले, अनंता.'

केसरीनाथाने ती ओळ दोनदा वाचली. ही नक्कल अनंतानेच लिहिली होती. दादूसच्या हातात काय दिलंय आणि काय दिलेलं नाही, हे जगात नेमकं एकाच माणसाला माहीत होतं. ओटीवर ते वाक्य बोलताना दादूसला नावाडीण ठाऊक असणं शक्य नव्हतं, हे अनंताला त्या दिवशीही कळलं होतं आणि परवा खोलीतही. परवा त्याने जे विचारलं, ती त्याची समजूत नव्हती. बावीस वर्षांनी दादूस खरं बोलतो का, एवढंच तो बघत होता. आणि दादूसने चहाचा कप हातात धरून 'तसाच व्हता' म्हटलं होतं. तरीही तो येऊन विंगेत बसला होता. केसरीनाथाला इतकी लाज वाटली, की तिथेच दाढी उपटून मागच्या दाराने खाडीकडे निघून जावंसं वाटलं.

पण घंटा झाली, आणि पाय सवयीने उठले.

चौथा अंक. हरीच्या झोपडीचं दार. हरी झालेला गावातला देवेश आत चुलीशी बसलेला. पुढे सगळा गाव, पहिल्या रांगेत विद्युल्लताबाई, त्यांच्या शेजारी कमळ. केसरीनाथ काठी टेकत दारापर्यंत गेला आणि थांबला. वाक्य आलं नाही.

विंगेतून अनंताचा बारीक आवाज आला, "मला ठाऊक होतं, हरी. मी खोटं बोललो."

देवेश घाबरून त्याच्याकडे बघू लागला. अनंताने पुन्हा तेच वाक्य दिलं, तितक्याच शांतपणे, आणि मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा आवाज आला नाही. केसरीनाथाने मान वळवली. विंगेत अनंता पुस्तक मिटून मांडीवर ठेवून बसला होता आणि सरळ त्याच्याकडे बघत होता. त्याच्या मागे नावाडणीच्या लुगड्यात भाविका उभी होती.

केसरीनाथाने काठी खाली टाकली आणि प्रेक्षकांकडे पाठ करून तो विंगेकडे वळला. पुढे तो जे बोलला ते नकलेत नव्हतं आणि पुस्तकातही नव्हतं. आवाज धर्माजीचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता, पातळ.

"मी खोटा बोललू, अनंता. तवा पन, आन परवा तुज्या खोलीत पन. मी काय तुना सांगत न्हवतू. मी तुना नुसता हाकलला. तू काय क्येला न्हवतास, ते मना म्हायीत व्हता."

माईक चालू होता. अनंता हे नाव ऐकल्यावर मागच्या रांगांतली कुजबुज थांबली. चणे विकणाराही जागच्या जागी उभा राहिला. आता वाक्य हरीचं होतं, पण देवेशचं तोंड नुसतंच उघडं राहिलं होतं. पुस्तकात तिथे लिहिलंय, 'दादा, बाहेर का उभा? आत ये.'

अनंता खुर्चीवरून उठला. प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांत जाता कामा नये, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"दादूस, भायेर का उभा? आत ये."